गोठ्यातली मासोळी

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज यांची सुट्टी. सुट्टीच्या मुहूर्तावर घरात एक नवं यंत्र आलं. लांब दांडी, खाली ताटाएवढी चकती, हाताशी छोटा पडदा. जमिनीतला धातू शोधतं म्हणे. मागच्या आळीत ड्रेनेजसाठी खणताना कुणाला तरी शिवराई सापडली, तेव्हापासून मोशीतल्या जुन्या घरवाल्यांना आपापल्या अंगणात खजिना दिसायला लागलाय. आमचे गणराजसाहेब मागे कसे राहतील?

"तीन पिढ्या राहिल्यात इथं. काही ना काही असणारच."

तास दीड तास अंगणात फिरले. दोन बोल्ट, एक पत्र्याचं झाकण आणि सिमेंटच्या पोत्याची तार एवढं निघालं. मग कंबर धरून ओसरीवर बसले आणि म्हणाले, "तू बघ जमलं तर. तुला दिवसभर काय काम असतं?"

हे वाक्य इथे जसंच्या तसं लिहून ठेवते. पुढे कधी भांडताना लागेल.

काय काम असतं ते सांगते. चाकणला कंपनीत मी क्वालिटीला होते. हातात गेज घेऊन पार्ट तपासायचे, चुकलेला बाजूला काढायचा. मागच्या गणपतीत सासूबाई नळावर घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि मी "तात्पुरती" घरी बसले. यांच्या तीन शिफ्ट, मूलबाळ नाही, म्हणजे उरले मीच. आता आत्या काठीने चालतात, पण एकटं सोडायचं नाही असं डॉक्टर म्हणाले. (इकडे सासूला आत्या म्हणतात. उदगीरहून आले तेव्हा मला विचित्र वाटायचं.)

कंपनीतल्या डोंगरे मॅडमनी शेवटचं सांगितलंय. तीन मार्चला हजर झाले तर जागा माझी, नाहीतर दुसरीला. नणंदबाई सुप्रिया पिंपळे गुरवला राहतात. सोमवार ते शनिवार आईला मी ठेवून घेते, असं त्या आपणहून म्हणतात. सगळं जुळलंय. फक्त आत्या रात्रीच्या मुक्कामाला हे अंगण सोडत नाहीत. लग्नाला जातील, बारशाला जातील, पण दिवस मावळायच्या आत परत. ऑपरेशननंतर दवाखान्यात इतक्या ओरडल्या की डॉक्टरांनी हात जोडून घरी पाठवलं. कारण विचारलं तर म्हणतात, "न्हाई जमत."

त्यांना जमत नाही म्हणून मलाही जमत नाही. असा सगळा हिशेब.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हे फर्स्ट शिफ्टला गेले. भांडी झाली, आत्यांना अंघोळ घातली आणि सहज म्हणून यंत्र हातात घेतलं. खरं सांगायचं तर मजा आली. लोखंड असलं की घुरघुरतं, चांदी-तांबं असलं की चिरकतं. कितीतरी महिन्यांनी हातात मोजमापाचं काहीतरी आलं.

तीन बाजूंनी टॉवर. बाल्कन्यांतून बायका कपडे वाळत घालता घालता खाली बघतात. विहिरीतल्या बेडकाकडे बघावं तसं. बघू देत.

नळाजवळ बैलाच्या पायाच्या दोन पत्र्या निघाल्या. आत्या ओसरीवरच्या बाजेवरून बघत होत्या.

"पतऱ्या हायत त्या. आमच्या सर्ज्याच्या आसतील."

मी यंत्र घेऊन गोठ्याच्या बाजूला वळले. गोठा कुठला, गव्हाण तेवढी उरलीय आणि पुढे खुंट्यांच्या जागा. तर एकदम ओरडल्या, "तिकडं नगं जाऊ. जनावर असतंय."

जनावर म्हणजे साप. हिवाळ्यात, तीन टॉवरच्या मध्ये, सिमेंटच्या आळीत साप! पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कोण घालणार?

१० फेब्रुवारी, सोमवार

आत्या दुपारी झोपल्या तशी गोठ्यात गेले. साप नव्हता.

खुंट्यांच्या रांगेत चकती फिरवली तर यंत्र चिरकायला लागलं. खुरप्यानं उकरलं. वीतभर खाली पितळेचा बिल्ला, शाळेचा. घासला तर "वर्गप्रमुख". पुढच्या खुंटीजवळ चांदीचं एक पैंजण, काळं ठिक्कर पडलेलं.

बिल्ला यांचाच. शिफ्टवरून आल्यावर लहान पोरासारखे खूश झाले. आठवीत असताना मामाकडे सासवडला शिकायला पाठवायचं ठरलं होतं, नेमका तेव्हा हरवला. बिल्ल्याशिवाय जायचं नाही म्हणून हे रडले, आजारी पडले आणि सासवड राहूनच गेलं. पैंजणाचा फोटो नणंदबाईंना पाठवला. त्यांचा लगेच फोन. "अगं, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी गेलं होतं ते! सगळं घर पालथं घातलं होतं."

मी म्हटलं, घुशीचं काम. आमच्याकडे उदगीरला घुशीने चमचे नेले होते.

आत्या चहा पीत होत्या. "घुशीचंच काम," घाईघाईने म्हणाल्या. "लई द्वाड असती घूस." आणि बशी तशीच ठेवून आत गेल्या. काठी न घेता! पाय सुधारतोय म्हणायचा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

यांनी सकाळपासून अंगणाला खड्डे पाडलेत. सोनं पाहिजे. सरकारजमा होईल असं मी म्हटलं तर म्हणाले, "आधी सापडू तर दे." निघाली एक सायकलची घंटी.

संध्याकाळी मी गव्हाणीच्या टोकाला फिरवलं आणि माझं जोडवं सापडलं. माझंच. लग्नानंतरची पहिली संक्रांत. वडील उदगीरहून मला न्यायला येणार, बॅग भरलेली, आणि अंघोळ करून येते तर काढून ठेवलेल्या जोडव्यांतलं एक नाही. सवाशिणीनं असं जायचं नसतं म्हणून आत्यांनी थांबवलं. वडील एक दिवस राहून एकटे परत गेले. फाटकाशी उभी राहून किती रडले होते.

घुशीला मुहूर्त बरा कळतो, असं यांना गमतीत म्हटलं. हसले. मीही हसले. आत्या नाही हसल्या. जेवल्याही नाहीत नीट.

चालायला लागल्यात म्हणून नणंदबाईंकडे जायचा विषय काढला. "न्हाई जमत." संपलं. काय करू या बाईचं? उचलून रिक्षात घालू?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अक्षर वाईट येतंय, येऊ दे.

आज तिसऱ्या खुंटीजवळ माती भुसभुशीत लागली. एक दुधाची पिशवी निघाली, तोंडाला गाठ मारलेली. आत माझ्या स्कूटीची चावी.

दहा जानेवारीला मी डोंगरे मॅडमना भेटायला निघाले होते. नणंदबाई घरी येऊन बसल्या होत्या, मी पावडर लावून तयार, आणि चावी नाही. रिक्षा मिळेपर्यंत मॅडम मीटिंगला गेल्या. वेंधळी म्हणून यांनी मला आठवडाभर ऐकवलं. मीही स्वतःला वेंधळी म्हणत राहिले. ज्या हातांतून कंपनीत एक वाकडा पार्ट सुटत नव्हता, त्या हातांवरचा माझा भरवसा गेला.

घूस दुधाच्या पिशवीला गाठ मारत नाही.

पिशवी नेऊन आत्यांच्या पुढ्यात ठेवली. "ही कुणाची गाठ आहे?"

त्या गाठीकडे बघत राहिल्या. मग तोंड भिंतीकडे केलं.

मी बोलले ते सगळं लिहीत नाही. वरच्या बाल्कनीतल्या बाईनं दार लावून घेतलं एवढं सांगते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस आम्ही बोललो नाही. यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "जाऊ दे, म्हातारी आहे" एवढंच ऐकू आलं असतं. आज हे मित्राकडे गेले आणि आत्यांनी स्वतः हाक मारली.

"सोनल, बस हितं."

नाही बसले. उभीच राहिले.

"नवा बैल घेतला की तो जुन्या मालकाकडं पळतोय. मग आमच्यात त्येच्या गळ्यातली घंटी दावणीत पुरायची. मग जनावर हलत न्हाई. आमच्या घरची चाल हाय ती."

"मी बैल आहे का?"

"मी तरी कुठं हुते?"

मग सांगितलं. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरची आठवण यायची म्हणून दोनदा पळून गेल्या. माहेर कुरुळी. इंद्रायणी ओलांडली की आलंच. दोन्ही वेळा बापानं हाताला धरून परत आणून सोडलं. दुसऱ्या खेपेला त्यांच्या सासूनं, सोजरबाईनं, पायातली एक मासोळी काढून घेतली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "गोठ्यात पुरली. आता जा कुठं जातीस ती."

मासोळी म्हणजे पायाच्या बोटात घालायची, चांदीची, माशाच्या आकाराची. इकडच्या जुन्या बायका घालायच्या.

"त्या दिसापास्नं पाय न्हाई निघाला बघ. दिवसा जाईन कुटंबी. पण अंधारायला लागलं की पोटात गोळा येतो, छाती धडधडती. वाटतं, आपलं कायतरी तिकडं हाय, आन् आपून हितं काय करतोय?"

"मग तुम्हाला माहीत होतं हे कसं असतं, तरी माझं पुरलंत?"

"म्हाईत हुतं म्हनूनच तर पुरलं. लागू पडतंय ते म्हाईत हुतं."

"नणंदबाई तर गेल्या की सासरी."

"ती गेली. तिनं नवीन पैंजण घेतलं." मग माझ्याकडे वळल्या. "तू गेलीस तर मी हितं एकली ऱ्हाते. गन्या काय, शिफ्टीत. म्हनून चावी घेतली. भ्या वाटलं गं."

मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. आत्या नळाजवळ नेहमी खुरपं घेऊन बसायच्या, कोथिंबीर लावायच्या बहाण्यानं सगळं अंगण उकरायच्या, ते आठवलं. कोथिंबीर कधी धड उगवली नाही.

"मी शोधून दिली तर जाल पिंपळे गुरवला? मुक्कामाला?"

पहिल्यांदाच "न्हाई जमत" म्हणाल्या नाहीत. "गावली तर जाईन," म्हणाल्या.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळपासून शोधतेय. गव्हाण, खुंट्या, नळ, पायरी. एक एक वीत. घुरघुर ऐकून कान बधिर झालेत. आत्या काठी टेकत मागे मागे. "हितं बघ. आन् हितं." डोळ्यांत असलं काही होतं की मी चहालाही थांबले नाही.

खिळे. नुसते खिळे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सापडणार नाही.

आज गव्हाणीवर हात ठेवून आत्या आपल्या नादात बोलत होत्या. "ही गव्हान आमच्या मालकानं मागनं बांदली. सासूचा गोठा पार तिकडं हुता, पिंपरनीखाली."

"तिकडं म्हणजे कुठं?"

काठीनं दाखवलं. काठी कंपाउंडच्या भिंतीकडे गेली आणि भिंतीच्या पलीकडे. टॉवरचं पार्किंग. ती जमीन आत्यांच्या दिरांच्या वाटणीला गेली, त्यांनी विकली, बिल्डरनं दोन मजले खाली खणलं. ती माती डंपरमधून कुठे गेली कोण जाणे. कुठल्या तरी रस्त्याच्या भरावात असेल मासोळी.

भिंतीशी यंत्र धरलं तर नुसतं घुरघुरलं. भिंतीतलं लोखंड.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. "गावंल न्हवं?"

"सापडेल," म्हटलं.

का म्हटलं? एकच आठवडा उरलाय. मला त्या टॉवरच्या सावलीत बसून भेंडी चिरायची नाहीये. आरशात बघते तेव्हा आपण आत्यांसारख्या दिसायला लागलोय असं वाटतं आणि घाबरायला होतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शेजारच्या कोंडीरामकाकांच्या सुनेला आत्यांजवळ बसवलं आणि भोसरीला सोनाराकडे गेले. जुन्या घडणीची मासोळी मागितली. त्याच्याकडे मोडीत आलेली एक होती, खवल्यांची नक्षी पुसट झालेली. अगदी हवी तशी.

"मापाला कुणाच्या?" त्यानं विचारलं.

मी माझाच पाय पुढे केला. आत्यांची पावलं माझ्याएवढीच आहेत, त्यांच्या चपला मला होतात. बरोबर बसली.

घरी येऊन तिला काजळी आणि तेल चोळलं, ओल्या मातीत दाबून ठेवली. पाप आहे का हे? असेल. चुकलेला पार्ट बरोबरच्या पेटीत टाकायचा नाही, एवढं एकच तर मी दहा वर्षं केलं. आता तेच करतेय. पण तीन तारखेला कंपनीची बस कोपऱ्यावर थांबणार आहे आणि मला त्यात बसायचंय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

भिंतीच्या कडेला पुरली होती. यांच्यासमोर काढली, म्हणजे साक्षीदार झाला. यंत्र चिरकलं, मी ओरडले, "आत्या!"

त्या आल्या. मी माती झटकून हातावर ठेवली. खूप वेळ बघत राहिल्या. अंगठ्यानं माती पुसली. मग माझ्या पायांकडे बघितलं, मग परत मासोळीकडे. आनंदानं बोलता येत नसावं.

"कुटं गावली?"

"इथं. भिंतीच्या बुडाला."

"व्हय?"

"हो."

"बरं झालं," म्हणाल्या आणि पदराच्या टोकाला बांधून टाकली. "गन्या, सुप्रियाला फोन लाव. रईवारी येते म्हनावं."

झालं! एवढ्यात झालं! हे म्हणाले, "बघ, मी यंत्र आणलं म्हणून." आज त्यांना तेही माफ.

२ मार्च, रविवार

आत्या गेल्या. दोन लुगडी, औषधांचा डबा, बसायचं पाटुलं. टॅक्सी दारात आली तरी उंबऱ्यातून हलेनात. अंगणभर नजर फिरवली. मला वाटलं आता म्हणणार, न्हाई जमत.

पण निघाल्या. फाटकाशी थांबून कमरेची चंची काढली. तंबाखू कधीच सुटली, चंची मात्र कमरेलाच असते. त्यातून एक फडक्याची पुरचुंडी काढून माझ्या मुठीत दाबली.

"हे तुज्यापाशी ठेव. उद्या बस आली की सोड. आदी नगं."

पाया पडले. डोक्यावर हात ठेवला तो जरा जास्त वेळ राहिला. कामाला निघालेल्या सुनेला सुपारी-हळकुंड देत असतील. जुनी माणसं.

घर एकदम मोठं वाटतंय. डबा भरून ठेवलाय, बॅज सापडलाय, चपला पुसल्यात. फाटकातून बाहेर पडताना उद्या "कुठं चाललीस?" असं कुणी विचारणार नाही. नाचावंसं वाटतंय.

३ मार्च, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

सकाळी कोपऱ्यावर बसची वाट बघत उभी होते. नणंदबाईंना फोन केला, झोपल्या का नीट म्हणून.

"कसली झोपते? पलंगावर बसूनच होती. घामानं चिंब. मी म्हटलं, आई, चल तुला घरी सोडते. तर म्हणाली, सोनल कामाला गेली का ते आदी इचार."

बस वळणावर दिसली. पुरचुंडी सोडली.

आत मासोळी होती. ही काळी पडलेली नव्हती. रोज हाताळल्यासारखी लख्ख. त्यांच्या दुसऱ्या पायातली, सासूनं न नेलेली. साठ वर्षं कमरेला बाळगलेली. आणि एवढीशी! बोटात घालून बघितली, तर माझ्या करंगळीच्या पहिल्या पेराशीच अडकली. बाहुलीच्या पायातली असावी तशी.

सोनारानं विचारलं होतं, मापाला कुणाच्या? आणि मी माझा पाय पुढे केला होता.

त्या पळून गेल्या तेव्हा केवढ्या होत्या, हे मी कधी विचारलंच नाही. त्यांनी मातीतून काढलेली मासोळी हातात घेतली त्याच क्षणी ओळखलं होतं. ओळखून माझ्या पायांकडे बघितलं होतं. त्यांची मासोळी अजून कुठेतरी मातीतच आहे, हे माहीत असून त्या गेल्या. रात्रभर बसून राहायला. मी या बसमध्ये बसावं म्हणून.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मला पाऊल उचलेना. परत फिरावं, त्यांना घेऊन यावं, पाया पडून खरं सांगावं, असं सगळं एकदम मनात आलं. मग वाटलं, आज घरी थांबले तर ती सगळी रात्र फुकट जाईल. चढले.

खिडकीची जागा मिळाली. रडू आवरत नव्हतं, शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली दिली. शनिवारी जाऊन त्यांना घरी आणणार आहे. पुढचं काय करायचं ते आम्ही दोघी बसून ठरवू, कुणाला फसवून नाही.

इंद्रायणीचा पूल गेला. थोड्या वेळानं कुरुळीची पाटी आली. शेतं कुठली, कंपन्यांच्या भिंती आणि कंटेनर. मी मूठ उघडली आणि हात खिडकीशी धरला.

"आत्या, कुरुळी आली," म्हटलं.